क्षारपडीवरचं विमान

“यातलं काय काय वापरता येईल, सार्जंट?” भूपालअण्णांनी विचारलं.

“चाकं,” मी म्हणालो. “आणि तुमची हौस.”

ते हसले नाहीत. शेडच्या दारात उभे राहून समोरच्या ढिगाकडं बघत राहिले. डावा पंख मधोमध मोडला होता. कापड फाटून लोंबत होतं आणि आतल्या लाकडी फासळ्यांमध्ये उसाचं पाचट अडकलं होतं. पुढच्या पंख्याचं एक पान बुडातूनच गेलं होतं. पुढच्या सीटखालच्या लोखंडी नळ्या अशा वाकल्या होत्या की त्या सीटवर कोणी बसलं होतं हे माहीत असताना तिकडं बघवत नव्हतं.

मी हिंदुराव खोत. हवाई दलात विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, सार्जंट होऊन बाहेर पडलो आणि गडहिंग्लजला घरी येऊन बसलो. यापुढं विमानाचा फक्त आवाज ऐकायचा, तोही अंथरुणात पडून, असं मी ठरवलं होतं. पण भूपाल मगदूम नावाचा माणूस शिरोळ तालुक्यातून तीनदा माझ्या दारात आला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, “जावा की एकदा. बिचारे किती हेलपाटे घालतायत!” बायकोला माणूस बिचारा वाटला की माझं काही चालत नाही.

भूपालअण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ जिनाप्पा यांचं पंप आणि इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. मागं क्षारपड जमीन. पाणी जास्त झालं की मीठ वर येतं आणि मग तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही, तसली. लोक ती जमीन बघून हळहळायचे. अण्णांना तिच्यात धावपट्टी दिसली. पोस्टानं आराखडे मागवून त्यांनी लाकूड, नळ्या आणि कापड यांचं दोन सीटचं विमान बनवलं. परवानग्यांचं पुराण फार मोठं आहे, ते इथं नको. विमान उडालं. एक अख्खा हंगाम उडत राहिलं, इतकं की गावानं वर बघायचं सोडून दिलं.

आणि मग मागच्या दसऱ्याला, सीमोल्लंघन म्हणून, जिनाप्पाला पुढच्या सीटवर बसवून अण्णा वर गेले आणि झाडांच्या उंचीच्या जरा वर पोचल्यावर विमान दगडासारखं उसात पडलं. अण्णांच्या बरगड्या मोडल्या, त्या जुळून आल्या. जिनाप्पाचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

हे सगळं मला अण्णांनीच सांगितलं, खाली बसून, एक वाकडा खिळा हातात फिरवत.

“खालून बघणारे सगळे म्हणतात, विमानाचं नाक वर वर जात हुतं आन् विमान जाग्यावर थांबल्यागत झालं. म्हंजे वेग न्हवता. वेग नसताना मी नाक वर काढलं, म्हणून पडलं.”

“मग? तसंच झालं असणार.”

“वेगाचा काटा साठाच्या वर हुता, सार्जंट. आन् वाढत हुता. वेग जास्त झालाय म्हणून तर मी नाक वर घेतलं.”

विमान पाडलेला माणूस काय काय सांगतो ते मी नोकरीत पुष्कळ ऐकलं होतं. काटा, वारा, पक्षी, सूर्य डोळ्यांवर आला. स्वतःचा हात चुकला असं म्हणणारा क्वचितच भेटतो.

“वेगाचा काटा कुठाय?” मी विचारलं.

त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं ते घड्याळासारखं यंत्र काढून दिलं. काच तडकली होती, पण आतलं शाबूत होतं. मी त्याला रबरी नळी जोडून हलकी फुंकर मारली. काटा सरळ वर गेला, फुंकर थांबली तसा खाली आला. पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

“चांगला आहे,” मी म्हणालो.

अण्णांनी ते यंत्र पुन्हा धोतरात गुंडाळलं. मग म्हणाले, “तरी बी हे पुन्हा उभं करू या.”

“कशाला?”

“एकदाच वर जायचंय. त्या दिवशी केलं तसंच सगळं करायचं आन् काट्याकडं बघायचं. मी तवा खरंच बघितलं, का मला नुसतं वाटलं, एवढं कळू दे. मोटारसायकलवर बसलो तरी काटा दाखवतोय ते खरं हाय का, अशी शंका येतीया मला. लेथवर माप घेतो, दोनदा घेतो, तरी इश्वास बसत न्हाई. असं किती दिस जगायचं माणसानं?”

खरं तर तेव्हाच उठून मी यष्टी धरायला हवी होती. पण त्यांच्या तोंडावर जो थकवा होता तो माझ्या ओळखीचा होता, आणि माझ्या पिशवीत बायकोनं आधीच चार दिवसांचे कपडे भरून दिले होते.

ते चार दिवस पावसाळ्यापलीकडं गेले. अधूनमधून मी गडहिंग्लजला जायचो, बायकोची बोलणी खायचो आणि परत यायचो. आधी सगळं सोडवलं. मग पंखाच्या मुख्य तुळईचा मोडका भाग तिरका कापून नव्या लाकडाशी तिरकाच सांधला, सरस लावून आवळून ठेवला. तो सांधा मला आवडला नाही म्हणून फोडला आणि पुन्हा केला. वाकलेल्या नळ्या कापून नव्या डाखल्या. कापड चढवलं. फासळ्यांना मेणाच्या दोऱ्यानं टाके घालताना दोघांच्या बोटांना भेगा पडल्या. त्यावर कापड ताणून घेणारा रंग चढवला, त्याला डोप म्हणतात. त्याच्या वासानं डोकं असं दुखायचं की संध्याकाळी आम्ही दोघं शेडच्या बाहेर भिंतीला टेकून नुसते बसायचो. बोलायचंही जिवावर यायचं.

अण्णा विधुर होते. मूलबाळ नव्हतं. जेवण जिनाप्पाच्या घरातून यायचं, शेडच्या अंगणापलीकडच्या घरातून. जिनाप्पाची बायको विमलवहिनी दोन डबे घेऊन यायच्या. एक माझ्या हातात द्यायच्या. “सार्जंटभाऊ, भाकरी गरम हाय तवर खावा.” दुसरा लेथच्या कडेला ठेवायच्या आणि अण्णांकडं न बघता निघून जायच्या. दसऱ्यापासून त्या अण्णांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डबा मात्र एकदाही चुकला नव्हता, आणि त्यातली आमटी माझ्या डब्यातल्याइतकीच चांगली असायची. मला या बाईची भीतीही वाटायची आणि आदरही वाटायचा. नवऱ्याला त्या रोज सकाळी काखेत हात घालून उचलायच्या, चाकाच्या खुर्चीत बसवायच्या, दुपारी परत निजवायच्या. अंगानं काटकुळी बाई. उचलताना तोंडातून आवाज काढायच्या नाहीत.

जिनाप्पा मात्र बोलायचा. खुर्ची ढकलत शेडच्या दारापर्यंत यायचा, उंबऱ्यावर थांबायचा.

“काय सार्जंट, आमच्या अण्णाचं इमान चाकांवर उभं ऱ्हायलं का न्हाई अजून?”

“राहील.”

“बरं हाय. दोन पाय गेले त्यात, पर चार हात कामाला लागले.” मग आवाज खाली यायचा. “अण्णा, तू रोज एवढं घासतोयस, त्यापेक्षा एकदा म्हण की, माझी चूक झाली. माणसाचीच चूक हुती. मी माफ करून टाकतो, आईशप्पत. पर त्या मेल्या काट्यावर ढकलू नगंस.”

अण्णा घासकागद फिरवत राहायचे.

“म्हण की.”

“काटा साठाच्या वर हुता, जिना.”

जिनाप्पा खुर्ची वळवायचा. वळवताना एक चाक उंबऱ्याला आपटायचं. हे रोजचं होतं. शब्द थोडे इकडंतिकडं, पण रोज. ते ऐकण्यापेक्षा डोपचा वास परवडला, असं मला वाटायचं. कधीकधी मला अण्णांचाच राग यायचा. एक शब्द बोलून टाकला असता तर भाऊ सुटला असता, वहिनी सुटल्या असत्या, मीही सुटलो असतो. एकदा मी तसं बोललोसुद्धा.

“द्या ना सोडून. म्हणा, चुकलो.”

“खोटं बोलू?”

“तुम्हाला तरी कुठं खात्री आहे?”

“न्हाई,” ते म्हणाले. “म्हणून तर म्हणत न्हाई.”

दिवाळी उलटली आणि विमान तयार झालं. राहिली होती एकच गोष्ट, वेगाची नळी. डाव्या पंखाच्या पुढं हातभर बाहेर येणारी, पेन्सिलीएवढी बारीक नळी असते, तोंड वाऱ्याकडं. वारा त्यातून आत शिरतो आणि त्याच्या दाबावर कॉकपिटमधला काटा फिरतो. जुनी नळी वाकलेली होती म्हणून पहिल्याच दिवशी मी ती भंगाराच्या पिंपात टाकली होती. आता नवी करताना माप हवं म्हणून ती शोधून काढली. सवयीनं तोंडाला लावून फुंकली. हवा जाईना.

“उसातली माती भरली असणार,” मी म्हणालो आणि मागच्या बाजूनं तार घातली. तोंडाजवळ काहीतरी अडत होतं. तार दाबली तशी माझ्या तळव्यावर एक घट्ट खडा पडला. मातीचा नव्हता. लाल होता. बोटानं चुरडला तर आतून तांदळाचे दाणे निघाले. दोन अख्खे, एक मोडका.

अण्णा शेजारीच उभे होते. ते माझ्या तळव्याकडं बघत राहिले.

“ह्या अक्षता,” ते म्हणाले.

“होय.”

“खंडेनवमीच्या.”

त्या घराची रीत मला नंतर कळली; यंदाच्या नवमीला मी गडहिंग्लजला होतो. खंडेनवमीला वर्कशॉपमधलं एकूण एक हत्यार पुसून ठेवायचं, दिवसभर कशालाच हात लावायचा नाही, आणि विमलवहिनींनी प्रत्येकाला कुंकू लावायचं. त्यांची पद्धत अशी की कुंकू पाण्यात घट्ट कालवायचं, अंगठ्यानं लावायचं आणि त्यावर अक्षता दाबून बसवायच्या, म्हणजे पडत नाहीत. लेथ, ड्रिल, घण, पाने. काही सुटू द्यायचं नाही. गेल्या वर्षीच्या नवमीला विमानही होतं. पंख्याला, चाकांना, दोन्ही पंखांना, शेपटीला त्यांनी कुंकू लावलं, आणि पुढं आलेलं ते टोक तरी कसं सोडायचं? दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अण्णांनी उडण्याआधी विमानाभोवती चक्कर मारून सगळं तपासलं होतं. पण अख्ख्या विमानालाच कुंकू होतं. त्यात नळीचं तोंड वेगळं काय दिसणार?

मी स्टुलावर बसलो. मला आता सगळं दिसत होतं आणि ते दिसल्यानं काही बरं वाटत नव्हतं.

“तोंड बंद झालं की खालची हवा नळीत कोंडते, अण्णा. जमिनीवर धावताना काटा हललाच नसणार. पण त्या खडबडीत जमिनीवर धावताना काट्याकडं बघायला कोणाला सवड असते? मग तुम्ही वर जाता. वरची हवा विरळ. आत कोंडलेली तशीच दाट. काट्याला वाटतं, दाब वाढला म्हणजे वेगच वाढला. जितके वर जाल तितका तो पुढं जातो.”

“आन् मी वेग कमी करायला नाक वर काढतो.”

“आणि खरा वेग मरतो.”

अण्णांनी माझ्या हातातून ते दाणे घेतले. मला वाटलं ते आता ओरडतील, धावत जिनाप्पाकडं जातील. मी तरी गेलो असतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचंच होतं, मी शपथेवर सांगतो. एका क्षणापुरतं त्या माणसाचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

मग त्यांनी अंगणापलीकडं बघितलं. विमलवहिनी दोरीवर जिनाप्पाची चादर वाळत घालत होत्या.

“कुणाला सांगायचं न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“हे इथंच ऱ्हाऊ दे.”

“अहो, तुम्हाला वर्षभर सगळे खोटारडा म्हणतायत! मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होतो. आता माझ्या हातात पुरावा आहे.”

“सार्जंट, ती रोज त्याला उचलून बसवती. माझ्यावरचा राग हाय म्हणून उचलवतं तिला. हे कळलं तर सकाळी कुठल्या हातानं उचलंल ती?”

अण्णांनी दाणे भट्टीत टाकले आणि नव्या नळीसाठी माप घ्यायला लागले. एकदाच माप घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

उडायचं आता काही कारण उरलं नव्हतं. जे बघायला वर जायचं ते खालीच सापडलं होतं. पण गावाला दिवस सांगून झाला होता, आणि एकाएकी नाही म्हटलं तर का म्हणून विचारणारे पुष्कळ होते. मी फक्त माझ्या परीनं खबरदारी घेतली. लाल कापडाची पिशवी शिवली, नळीवर चढवली आणि घट्ट बांधली. हवाई दलात अशीच असते. उडण्याआधी काढायची.

त्या सकाळी ऊन कोवळं होतं, वारा पडलेला. विमान क्षारपडीच्या कडेला आणून उभं केलं. जिनाप्पा खुर्चीत बसून होता. गावातले लोक बांधावर थांबले होते, जरा लांब. आणि विमलवहिनी पूजेचं ताट घेऊन घरातून बाहेर आल्या.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं.

“यंत्र नव्यानं बाहेर पडतंय,” वहिनी मला म्हणाल्या. “तसंच कसं जाऊ द्यायचं? माझा यंत्रावर राग न्हाई.”

त्यांनी पंख्याला कुंकू लावलं. चाकांना लावलं. ताट डाव्या हातावर, अंगठा लाल. पंखाच्या कडेनं पुढं आल्या आणि त्या लाल पिशवीपाशी थांबल्या.

“हे काय बांधलंय?”

“धूळ जाऊ नये म्हणून,” मी म्हणालो.

“मागल्या खेपंला न्हवतं.”

“नव्हतं.”

“आत काय हाय?”

“नळी आहे. वेगाची.”

“वेगाची म्हंजे? त्यो काटा, भावजी म्हणत्यात त्यो, ह्येच्यावर चालतो?”

मला खोटं बोलता येत नाही. बायको म्हणते, तोंड उघडायच्या आधीच कळतं. मी मान हलवली.

वहिनी त्या नळीकडं बघत राहिल्या. मग स्वतःच्या अंगठ्याकडं. त्यांचा हात अजून पुढं धरलेलाच होता, कुंकू लावायच्या बेतात.

“आन् ह्येच्या तोंडात काय गेलं तर?”

“वहिनी, पूजा होऊ द्या, ऊन चढतंय...”

“सार्जंटभाऊ, मी काय इचारलं?”

“काटा चुकीचं दाखवतो,” मी म्हणालो.

तेवढ्यात अण्णा पुढं आले. ते पंखाखालून वाकून आले आणि सरळ जिनाप्पासमोर उभे राहिले.

“जिना,” ते मोठ्यानं म्हणाले, बांधावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्यानं. “काटा बरोबर हुता. माझाच हात चुकला. मी नाक जास्त वर काढलं. एवढे दिवस बोललो न्हाई.”

मी आयुष्यात बरेच शूर लोक बघितले, निदान शूर म्हणून पदकं मिळालेले. पण स्वतःजवळ होतं नव्हतं तेवढं एका वाक्यात देऊन टाकलेला माणूस मी तेवढाच बघितला.

जिनाप्पाचा चेहरा आधी कोरा राहिला. मग ओठ वाकडे झाले.

“आत्ता म्हणतोस?” तो म्हणाला. “आत्ता? वरीसभर मी भीक मागितली तुझ्याकडं. वरीसभर मी ह्या खुर्चीत बसून...” त्यानं खुर्चीच्या कडेवर मूठ आपटली. “एवढी सोपी गोष्ट हुती तर आधीच म्हणायचं हुतंस, अण्णा!”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हण म्हणलो हुतो मी! तवा न्हाई म्हणालास!”

अण्णा खाली मान घालून उभे राहिले. मी तोंड उघडणार होतो. अण्णांचा शब्द मोडून सगळं सांगून टाकणार होतो. पण त्याआधी ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

विमलवहिनींनी ताट जमिनीवर ठेवलं होतं. त्या नवऱ्याच्या खुर्चीपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि तो लाल अंगठा त्याच्यासमोर धरला.

“खोटं बोलत्यात भावजी,” त्या म्हणाल्या. “आता खोटं बोलायलेत. आधी खरं बोलत हुते. नवमीला मी त्या नळीच्या तोंडात कुंकू भरलं. अक्षता दाबल्या वरून, ह्या अंगठ्यानं, पडू नयेत म्हणून. मला याद हाय. काटा खोटा मी केला.”

बांधावरून कोणीतरी खोकलं.

“सार्जंट?” जिनाप्पानं विचारलं.

“दाणे निघाले नळीतून,” मी म्हणालो. “मी स्वतः काढले.”

जिनाप्पानं डोळे मिटून घेतले. वहिनी अण्णांकडं वळल्या. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

“उडवा,” त्या म्हणाल्या.

“आज नगं, विमल,” अण्णा म्हणाले. “दमलो मी. कशाला आता?”

“तुम्ही आज उडवलं न्हाई तर मी जल्मभर ते पाप घेऊन बसंन. वर जाऊन नीट खाली या. तुम्ही पाडत न्हाई एवढं मला दिसू द्या.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी जाऊन पिशवी सोडली, नळीचं तोंड निरखून बघितलं, फुंकून बघितलं. स्वच्छ होती. पंखा हातानं फिरवून मी इंजिन सुरू करून दिलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, जे कधी होत नाही. अण्णांनी कानटोपी आवळली आणि विमान पांढऱ्या मातीवरून धावत गेलं. मिठाची धूळ उडाली. मग धूळ तिथंच राहिली आणि विमान वर गेलं.

मी बघत होतो, कारण सांधे माझे होते. पण वहिनी बघत नव्हत्या. उडवा म्हणून हट्ट धरणारी बाई विमानाकडं पाठ करून उभी राहिली. तोंड नवऱ्याकडं. वरचं जे काही ते त्याच्या तोंडावरून वाचत होत्या.

“कुठवर गेले?” त्यांनी विचारलं.

“झाडांच्या वर.” जिनाप्पाची मान वर होती. त्याचे हात खुर्चीच्या कडांना घट्ट धरलेले. “आता वळतोय. डावीकडं.”

“नाक?”

“सरळ हाय. सरळ हाय गं.”

इंजिनाचा आवाज कमी झाला. मी ओठ चावला. जिनाप्पा काही बोलेना, आणि तेवढ्या वेळात वहिनींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं.

“टेकला,” जिनाप्पा म्हणाला. “चाकं टेकली. थांबतोय.”

वहिनी मटकन खाली बसल्या, तिथंच, त्याच्या निर्जीव पायांपाशी. डोकं त्याच्या गुडघ्याला लावलं. मग म्हणाल्या, “वरीसभर मी बोलले न्हाई त्यांच्याशी. एक शबुद न्हाई.”

“तू बोलली न्हाईस,” जिनाप्पा म्हणाला. “मी बोललो. रोज बोललो. ते जास्त वाईट.”

तिकडं इंजिन बंद झालं. अण्णा खाली उतरले, कानटोपी काढली आणि ती पांढरी जमीन तुडवत आमच्याकडं चालत यायला लागले. हळूहळू, थकलेल्या माणसासारखे. आम्ही तिघं त्यांची वाट बघत होतो आणि आमच्यापैकी कोणालाच त्यांच्याशी पहिला शब्द काय बोलावा हे सुचत नव्हतं.